कोपऱ्यातल्या पेट्या

अण्णा,

परवा नातीने मला सहज काहीतरी विचारलं, आणि तुमच्यावरचा राग, जो केव्हाच विझला असं मी धरून चालले होते, तो पुन्हा जसाच्या तसा वर आला. ती इथेच जयपुरात, दुर्गापुऱ्यात एका फ्लॅटमध्ये राहते. लहानशा खोलीत माइकसमोर बसून पुस्तकं वाचते आणि लोक म्हणे ती कानाला लावून ऐकतात. तर ती खोली घुमते म्हणून पोरगी वैतागली होती. बाजारात तयार मिळतं ते परवडण्यातलं नाही. "मतलब आजी, घरच्या घरी काही जुगाड होईल का?" असं म्हणाली, मला काही येत असेल म्हणून नव्हे, आपलं बोलता बोलता. आणि मी पोळ्या लाटता लाटता तिला सगळं सांगून गेले. भिंतींना गाद्या टांगू नकोस, त्याने नुसता वरचा बारीक आवाज मरतो. कोपरे भर. जमिनीपासून छतापर्यंत पेट्या उभ्या कर, लाकडाचा नुसता सांगाडा, आत पिंजलेला जुना कापूस, फार दाबून नाही आणि फार सैलही नाही, वरून गोणपाट. जाड आवाज कोपऱ्यात जाऊन साठतो, तिथेच त्याला गाठायचा. "आजी, हे तर बेस ट्रॅप झाले, जाड आवाज पकडणारे! तुला कसं माहीत?" म्हटलं, माझ्या वडिलांनी केले होते, राजा पार्कच्या घरी, तुझी आईसुद्धा जन्मली नव्हती तेव्हा. "वाऽ, काय डोकं होतं त्यांचं!" म्हणाली. मी पोळी तव्यावर टाकली.

डोकं होतंच, नाही कोण म्हणतंय. तारखात्यातले इंजिनिअरिंग सुपरवायझर तुम्ही, तारेतून आवाज कसा जातो ते तुम्हाला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. मी दहा वर्षांची असताना आपण सांगलीहून बदलीवर जयपूरला आलो, चार मोठी खोकी घेऊन, प्रत्येकावर तुमचं नाव काळ्या रंगात. बदलीवाल्या घरात खोकी फेकत नाहीत. ती पलंगाखाली जातात, त्यांच्यात जुनी भांडी आणि थंडीचे कपडे राहतात, आणि त्यांच्याकडे बघून घरातल्या बायका मनात म्हणतात, आज ना उद्या आपण आपल्या मुलखात परत जाऊ. आई तर दर दिवाळीला ती बाहेर काढून पुसायची. राजा पार्कमध्ये तेव्हा नवी घरं उठत होती, आजूबाजूला बहुतेक पंजाबी मंडळी, मोठ्याने बोलणारी, मोठ्या मनाची. आपल्या घराची मागची खोली तुम्हाला पाहताक्षणी आवडली होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि उंचीसुद्धा दहाच. दगडी भिंती, वर दगडी पट्ट्यांचं छत, खाली फरशी. "किल्ला आहे किल्ला," असं तुम्ही भिंतीवर थाप मारत म्हणाला होतात. पुढे लष्करातल्या एका मराठी मेजरसाहेबांनी बदलून जाताना त्यांचं टेपरेकॉर्डरचं धूड तुम्हाला दिलं, आणि ती खोली तुमचा स्टुडिओ झाली. स्टुडिओ हा शब्द तुम्ही असा उच्चारायचात की आई पदर तोंडाला लावून हसायची.

तुम्ही स्वतः तरुणपणी गाणं शिकला होता. नोकरीपायी ते सुटलं, आणि जे सुटलं ते सगळं माझ्या गळ्यातून परत मिळवायचं असं तुम्ही ठरवून टाकलंत. मला कुणी विचारलं नाही, पण खरं सांगायचं तर मला विचारायची गरजही नव्हती. मला गायला आवडायचं. तुम्ही हार्मोनियम घेऊन बसायचात, पांढरी पाच या पट्टीत सूर धरायचात, आणि मी संध्याकाळचा राग पूरिया गायची. पूरिया मला आपलासा वाटायचा, कारण त्याची सगळी माया खालच्या सप्तकात, आणि माझा आवाज तिथे आपणहून उतरायचा. मला तिथे जोर लावावा लागत नसे. सतरा वर्षांची होते मी. रेडिओच्या ऑडिशनला मला पाठवायचं, मग सांगलीच्या तुमच्या सगळ्या जुन्या मित्रांनी रेडिओ लावून बसायचं, हे तुमचं स्वप्न, आणि हळूहळू माझंही.

रविवारी दुपारी आपण रेकॉर्डिंग करायचो. तो मे महिना मला आजही अंगावर जाणवतो. खिडक्या बंद, पंखा बंद, कारण त्याची घरघर टेपमध्ये येते. दाराखालच्या फटीत ओला पंचा कोंबलेला. घाम मानेवरून पाठीत उतरतो आहे आणि मी डोळे मिटून खालचा धैवत लावते आहे. मग तुम्ही टेप उलटी गुंडाळून ऐकवता, आणि त्या मशीनमधून माझा आवाज येतो तो जाडाभरडा, फुगलेला. धैवताला तर नुसता घूंऽऽ. तुमच्या कपाळाला आठी. "मडक्यात तोंड घालून गातेस काय?" मी पुन्हा गाते. पुन्हा तेच. तुम्ही म्हणता, "बाईच्या आवाजाला एवढा खालचा सूर शोभत नाही. बोजड होतो. पट्टी चढव." दारात उभी असलेली आई म्हणते, "अहो, परवा कपडे वाळत घालताना गात होती, तेव्हा नाही हो असा घुमला. अंगणात किती मोकळा येतो तिचा आवाज." आणि तुम्ही मान वरसुद्धा न करता म्हणालात, "तुला काय कळतं त्यातलं? मशीन खोटं बोलत नाही." आई आत गेली. अण्णा, त्या घरात त्या दिवशी एकाच माणसाला सगळं कळलं होतं, आणि तुम्ही त्याला आत हाकललंत.

मग काळी पाच. हार्मोनियमवर तीन पट्ट्या वर. आणि गंमत बघा, घुमणं खरोखरच कमी झालं! आता मला कळतं का कमी झालं ते. त्या खोलीला ठराविक एका खालच्या सुरावरच घुमायची खोड होती, आणि पट्टी चढवल्याबरोबर माझा धैवत त्या सुरावरून निसटला. पण तुम्हाला वाटलं तुमचं निदान बरोबर निघालं. केवढे खूश झाला होता! आईला मुद्दाम बोलावून ऐकवलंत, "बघ, झाला की नाही साफ?" आणि पुढची दोन वर्षं मी जो गळा माझा नव्हता त्या गळ्याने गात राहिले. सकाळी साडेपाचला उठून वरचे सूर. घसा ओढून ओढून. मधाचं बोट, ज्येष्ठमधाची काडी, गरम पाण्याच्या गुळण्या. बोलताना आवाज फाटायला लागला, तेव्हा आई म्हणाली, जरा बंद ठेवा. तुम्ही म्हणालात, घसा तापल्याशिवाय तयार होत नाही. शेजारची पंजाबी मावशी, मुलगी आजारी आहे का म्हणून, भिंतीवरून विचारायची, "कुड़ी बीमार है क्या जी?" तिला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, तुम्हाला चार फुटांवरून येत नव्हतं.

ऑडिशनला मी हिरवी साडी नेसून गेले होते. तिथली खोली आपल्या खोलीसारखी नव्हती. पहिला सूर लावला आणि मला वाटलं माझा आवाज कुणीतरी अंगावरून काढून घेतला, इतकं ते शांत. खालचे सूर तिथे काय सुरेख लागले असते! पण मी काळी पाचमध्ये होते, आणि वरच्या गंधाराला आवाज चिरला. चिरला म्हणजे कापड फाटावं तसा फाटला. साथीच्या तबलजींनी नजर खाली केली. नंतर एका ओळीचं पत्र आलं. तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत, खिशात ठेवलंत आणि जेवताना म्हणालात, "मेहनत कमी पडली." मी पुढ्यातला भात चिवडत राहिले. आईने ताक वाढलं. त्यानंतर घशाच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, ताणाने सूज आहे, गाणं पूर्ण बंद, सहा महिने, जमलं तर वर्षभर. घरी येताना टांग्यात तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं तुम्हाला वाईट वाटतंय. तुम्ही रागावला होता.

पुढल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी विमा कंपनीतल्या एका गृहस्थांचं गाणं टेप करायचं ठरलं. सगळे त्यांना बुवा म्हणायचे. आवाज बरा, डामडौल फार. ते खोलीत बसले, गायले, तुम्ही टेप ऐकवलीत. तोच घूंऽऽ. बुवा उखडले. "अहो, हा काय माझा आवाज? विहिरीतून काढल्यासारखा?" मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आणि तुम्ही हात जोडलेत अण्णा, चक्क हात जोडलेत, आणि म्हणालात, "छे छे बुवा, तुमचा आवाज उत्तम आहे. खोलीत काहीतरी गडबड आहे. मी बघतो." खोलीत गडबड आहे! एका दमात! दोन वर्षं जी गोष्ट तुम्हाला सुचली नाही ती बुवांसाठी तुम्हाला एका क्षणात सुचली. पुरुषाचा, परक्याचा आवाज घुमला तर दोष भिंतीचा. पोरीचा घुमला तर दोष गळ्याचा. मी ट्रे खाली ठेवला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पाहिलंत, हे मला पक्कं आठवतं. मग कप उचलून बुवांच्या हातात दिलात.

आणि त्या खोलीच्या मागे मग तुम्ही जे हात धुऊन लागलात! आधी घरातल्या सगळ्या रजया भिंतींना टांगल्यात. खोली मुकी झाली, टाळी वाजवली तर टाळीसुद्धा मेल्यासारखी, पण खालचा घुमार तसाच. मग हार्मोनियमची खालची पट्टी दाबून त्यावर वरवंटा ठेवलात, मला भाता मारायला बसवलंत, आणि खोलीभर फिरत राहिलात, कधी उभे, कधी ओणवे. आई केर काढत होती. कोपऱ्यात वाकली आणि म्हणाली, "अगंबाई, इथे तर कानात बसतंय नुसतं." तुम्ही धावत गेलात, कोपऱ्यात डोकं घातलंत, दुसऱ्या कोपऱ्यात, तिसऱ्या. "कोपऱ्यात साठतंय! सगळं कोपऱ्यात साठतंय!" लहान मुलासारखे ओरडलात. आईने सांगितलं हे तेवढ्यात विसरलातही. मंडळात तुम्ही सगळ्यांना हा शोध आपलाच म्हणून सांगितलात, आणि आई तिथे चिवडा वाढत होती.

त्याच शनिवारी तुम्ही पलंगाखालची खोकी ओढलीत. आई म्हणाली, "ती कशाला? बदली आली तर?" तुम्ही म्हणालात, "बदली येणार नाही. पुण्याची आली होती, मी नको म्हणून कळवलं. स्टुडिओ असा अर्धवट टाकून कसं जायचं?" असं, हातोडी शोधता शोधता. आई खोक्याच्या कडेवर हात ठेवून उभी होती. तिने हात काढला, तुम्ही पहिली फळी उचकटलीत. पुढची बारा वर्षं तिने सांगलीचं नाव घेतलं नाही. खोक्यांच्या फळ्यांचे उंच सांगाडे झाले, चारी कोपऱ्यांत तिरके बसतील असे. कापूस जुन्या रजयांचा. पिंजारी अंगणात येऊन बसला, धनुकली टण्‌टण्‌ वाजवत, आणि म्हणाला, "बाबूजी, इतनी रुई दीवार को ओढ़ाओगे? बच्चों को क्या ओढ़ाओगे?" तुम्ही मोठ्याने हसलात. त्या थंडीत आई आणि मी एका रजईत झोपलो. आणि गोणपाट कुणी शिवलं? मी. दाभण घेऊन, सुतळीने, तीन दुपारी. बोटांना भोकं पडली. ज्या खोलीने माझा गळा घेतला तिला मी स्वतःच्या हाताने कपडे शिवत होते, आणि तुम्ही वर शिडीवरून सांगत होतात, "टाके जवळ घाल, कापूस सांडेल."

काम सुरेख झालं होतं. पिंजाऱ्याची मजुरी सोडली तर दमडी न मोडता, घरातल्या फळ्या, घरातला कापूस आणि रद्दीतली पोती, एवढ्यावर. रविवारी बुवा गायले, टेप ऐकली आणि म्हणाले, "क्या बात है! मुंबईच्या स्टुडिओत असं होत नाही." तुम्ही फुशारलात. सोमवारी संध्याकाळी ऑफिसमधून आलात, बूटसुद्धा काढले नाहीत, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. आई तांदूळ निवडत होती, मी भाजी चिरत होते. तुम्ही म्हणालात, "वर्ष झालं ना आता? डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष?" मी म्हटलं, झालं. "मग एकदा पूरिया म्हण. टेप लावतो." आणि भिंतीकडे बघत, "पांढरी पाचमध्येच म्हण."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. सगळं कळलं होतं. मी सुरी हातात धरून वाट पाहिली, अण्णा. मला फार काही नको होतं. चुकलं माझं पोरी, एवढं. तेही नको, नुसतं 'खोलीचा दोष होता', इतकं जे बुवांना म्हणालात तेवढंच मला म्हणा. तुम्ही म्हणालात, "लवकर ये, लाइट कमीजास्त व्हायला लागले तर टेपचा वेग बिघडतो." मी म्हटलं, "अण्णा, आवाज उरला नाही. खालचे सूर लागत नाहीत आता." आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान तांदळात घातली. तुम्ही आत गेलात, आणि मशीनवर पांघरूण घातल्याचा आवाज आला.

त्यानंतर तुम्ही विचारत राहिलात. लग्नाआधी दोनदा. पहिल्या बाळंतपणाला आले तेव्हा एकदा, पाळण्याशी मी गुणगुणत होते तर दाराआड उभे राहून ऐकत होतात, मला दिसताच म्हणालात, "लागतोय की जरासा?" मी गुणगुणणं थांबवलं आणि नुसतं थोपटत राहिले. शेवटच्या आजारात बोलणं कमी झालं होतं तुमचं, तरी एकदा हाताने गळ्याशी खूण केलीत, काय गं, म्हणून. मी मान हलवली. नाही म्हणून. लोक मला सांगतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. माझा आहे. तुमच्या पंधरा दिवसांच्या सुतारकामाचं सगळ्या राजा पार्कने कौतुक केलं, आणि माझी दोन वर्षं कुणाच्या हिशेबातही नाहीत, तुमच्यासुद्धा. तुम्ही वाईट माणूस नव्हता, हेच तर मेलं अवघड आहे. वाईट असता तर मी केव्हाच मोकळी झाले असते.

नातीला मी पेट्या करून देणार आहे. कापूस मिळाला आहे, गोणपाट मीच शिवीन, डोळे अजून शाबूत आहेत. हा कागद मात्र तिला दाखवणार नाही. तिला माझं वळणाचं अक्षर तसंही लागत नाही, हिंदी शाळेत शिकलेली पोर ती. आईने कधी तोंड उघडलं नाही, मी तर नाहीच नाही. पण तुम्हाला एकदा सांगायला हवं. त्या सोमवारी सकाळी तुम्ही ऑफिसला गेल्यावर मी त्या खोलीत गेले. दार लावलं. सकाळची वेळ, पूरियाची नव्हेच, तरी पूरियाच म्हटला. पांढरी पाचमध्ये, खालच्या धैवतापर्यंत, आणि तिथे थांबून राहिले. काही घुमलं नाही. सूर जसा होता तसा, स्वच्छ, शेवटपर्यंत लागला. बाहेर आले तर आई दारातच उभी होती, पिठाचे हात तसेच. आवाज परत आला होता अण्णा, आणि तुमच्या पेट्या फार चांगल्या झाल्या होत्या. दोन्ही मला माहीत होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हाला कळू दिलं नाही.